छडीविरुद्धचा ठराव

वहिनी कशाने गेल्या असं कोणी विचारलं, की मी सांगतो, विटेने. दाखल्यावर अर्थात तसं लिहिलेलं नाही. फिट आली, न्हाणीत पडल्या, मृत्यू नैसर्गिक... असं दवाखान्याचं म्हणणं आहे. दादाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. सेक्शनमध्ये कुणाच्या तरी बढतीचे पेढे वाटले जात होते आणि एक पेढा माझ्या हातात होता. दादा एवढंच म्हणाला, "गेली रे." तो पेढा मी कुठे ठेवला, आठवत नाही. आठवतो तो संताप. रडू नंतर आलं, आधी कुणाचं तरी डोकं फोडावंसं वाटलं. कुणाचं, ते मला नक्की ठाऊक होतं आणि पोलिसांना मात्र कधीच ठाऊक झालं नाही.

दादा हरियाणात मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहे. कारखान्याजवळच्या एका गावात त्याने दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. गल्लीत सगळे बाहेरचे, बिहारचे, यूपीचे, थोडे आपल्याकडचे. घरमालक तेवढे गावचे. वहिनी लातूरकडच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांचं हिंदी टीव्हीवरचं होतं, पण भांडायला भाषा लागत नाही हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात घरमालकाला पाण्याच्या मोटारीवरून दाखवून दिलं. रविवारी मी दिल्लीहून मेट्रोने गुरुग्रामला आणि पुढे शेअर ऑटोने जायचो. दारात पाय ठेवायच्या आधीच त्यांचा आवाज कानावर यायचा. तोंड फटकळ, हात त्याहून फटकळ. पुतणी ओवी पाढे चुकली की पाठीत धपाटा ठरलेला. हे मुद्दाम सांगतोय, कारण गेलेल्या माणसाला देवघरात बसवायची आपल्याला घाई असते, आणि वहिनी तिथे दोन मिनिटंही टिकल्या नसत्या.

ओवी गावातल्या सरकारी शाळेत होती. अशा प्रत्येक शाळेला एक व्यवस्थापन समिती असते. पालकांनी पालकांतून निवडलेली, निम्म्या तरी बायका, अध्यक्ष पालकांपैकीच आणि मुख्याध्यापक सचिव. कायदा चांगला आहे. गावाने त्यावर तोड काढली होती. समितीवर जवळजवळ सगळी नावं बायकांची, मीटिंगला नवरे. बायका आल्याच तर घुंघट ओढून खाली दरीवर, म्हणजे सतरंजीवर, बसायच्या, नवरे खुर्च्यांवर बसून त्यांच्या वतीने बोलायचे आणि शेवटी सह्यांसाठी कागद खाली सरकवायचे. त्या वर्षी अध्यक्षपदावरून गावातल्या दोन घरांचं जुंपलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी मधला मार्ग म्हणून भाडेकरूची बायको सुचवली. भाषा धड येत नाही, गावात नातंगोतं नाही, सही करील आणि घरी जाईल. दादानेही परस्पर हो म्हणून टाकलं. पहिल्या मीटिंगला वहिनी स्वतः गेल्या, डोकं उघडं, कपाळाला ठसठशीत टिकली, आणि मधल्या खुर्चीवर बसून त्यांनी एकच प्रश्न विचारला, की यातले सदस्य कोण? दरीवरच्या बायका, असं उत्तर मिळाल्यावर त्यांनी खुर्च्यांवरच्या पुरुषांना उठायला सांगितलं. पुरुष उठले नाहीत. पण पुढच्या मीटिंगला दोघं कमी आले, आणि वहिनी तेवढ्यावर खूश होत्या.

मग सोनूचं झालं. सोनू शेजारच्या खोलीतल्या बिहारी कामगाराचा मुलगा, ओवीच्याच वर्गात. गणिताच्या मास्तरांनी त्याच्या कानाखाली अशी ठेवून दिली की कानातून रक्त आलं. पडदा फाटला होता. मास्तर गावातल्या सगळ्यात वजनदार घरातले, चुलता माजी सरपंच. सकाळच्या प्रार्थनेपासून छडी हातात. पण वहिनींना पेटवलं ते मास्तरांनी नव्हे, सोनूच्या बापाने. दुसऱ्या दिवशी कानात कापूस घातलेल्या पोराला घेऊन तो शाळेत गेला आणि मास्तरांपुढे हात जोडून म्हणाला, "हड्डी हमारी, चमड़ी आपकी." तिकडची जुनी रीत आहे ही. मूल शाळेत घालताना बाप असं म्हणतो, म्हणजे हाडं तेवढी शाबूत ठेवा, कातड्याचं काय ते तुम्ही बघा. वहिनी तेव्हा फाटकात ओवीचा डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं.

त्याच दुपारी त्यांचा मला ऑफिसात फोन. समितीला नेमकं काय काय करता येतं, ते वाचून दाखवा. मी सरकारी माणूस, नियम काढले आणि वाचले. शाळेवर देखरेख, मास्तर वेळेवर येतात का ते बघणं, दुपारचं जेवण, आलेल्या अनुदानाचा वापर, पालकांच्या तक्रारी, आणि मुलांना मारहाण होत नाही ना हे पाहणं. जाब विचारता येतो, ठराव करता येतो, वर तालुक्याच्या शिक्षण अधिकाऱ्याकडे पाठवता येतो. मास्तरला काढता येत नाही, बदली करता येत नाही.

"म्हणजे भाऊजी, समितीला दात आहेत, पण चावायचं नाही."

"चावायचं वरच्यांनी," मी म्हणालो.

"आणि वरचे कवळी लावून बसलेत," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मीटिंग बोलावली गेली. मास्तर आले तेच छडी घेऊन, आणि त्यांनी ती टेबलावर आडवी ठेवली. वहिनींनी मोडक्या हिंदीत सोनूबद्दल विचारलं. मास्तर मुख्याध्यापकांकडे बघून बोलले. ही मुलं डंड्याशिवाय शिकत नाहीत, बापाची तक्रार नाही, मग या बाईंच्या पोटात का दुखतं? आणि पुढे हसून म्हणाले, की कान एक गेला तर दुसरा आहे... वहिनींनी टेबलावरची छडी उचलली आणि मास्तरांच्या पाठीत दोन सणसणीत ठेवून दिल्या. अध्यक्षांनी, भर मीटिंगमध्ये. दरीवर घुंघटाआड कुणीतरी फस्सकन हसलं. खुर्च्या पडल्या, कुणी वहिनींचा हात पिरगाळला, कुणी दार लावून घेतलं. मुख्याध्यापक मध्ये पडले म्हणून त्या धडपणे घरी आल्या.

त्या दोन फटक्यांनी सोनूचा कान पुसून टाकला. गावात आता एकच विषय, बाहेरची बाई येऊन मास्तरला मारून गेली. चौकीत तक्रार वहिनींच्या नावाने. घरमालकाने खोली खाली करायला सांगितलं. चुलता माजी सरपंच दादाच्या कारखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन आला. त्या संध्याकाळी दादाने वहिनींच्या थोबाडीत मारली. हे मी दादाला विचारून लिहितोय. "लिही," तो म्हणाला, "नाहीतर ते सोडून सगळं लिहिशील." ओवी समोर होती. वहिनी गालावर हात ठेवून नुसत्या बघत राहिल्या, आणि मग, दादा सांगतो, अगदी शांतपणे म्हणाल्या, "मी मास्तरला मारलं, त्यांनी सोनूला, तुम्ही मला. आता ओवीने कुणाला मारायचं, तेवढं सांगा." दादाने त्यानंतर हात उचलला नाही. आणि वहिनींनीही नाही. ओवीच्या पाठीतले धपाटे त्या दिवशी बंद झाले, ते कायमचे. कधी हात वर जायचा, हवेत थांबायचा, आणि त्या तो स्वतःच्याच मांडीवर आपटायच्या.

गावाला माफी हवी होती, मग तक्रार मागे आणि खोलीही राहणार होती. वहिनी तयार झाल्या, पण माफी समितीतच मागेन म्हणाल्या. त्या दिवशी मी रजा टाकून गेलो होतो. शाळेच्या अंगणात माणूस मावत नव्हता. चुलता पुढच्या खुर्चीवर पाय पसरून. वहिनी उभ्या राहिल्या, पदर खोचलेला. म्हणाल्या, "मैंने हाथ उठाया, गलत किया। समिति को मारने का अधिकार नहीं है। मास्टरजी, माफ करना।" अंगणात समाधानाची कुजबुज झाली. लोक उठायला लागले. तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, "मास्टरजी को भी नहीं है। अब आप सोनू से बोलिए।"

मास्तरांनी मान फिरवली. चुलत्याने आईवरून शिवी दिली. वहिनींनी जणू ऐकलंच नाही, त्यांनी ठराव वाचला. शाळेच्या आवारात छडी येणार नाही, कुणी मुलाला मारलं तर नावानिशी वर कळवलं जाईल. बाजूने असतील त्यांनी हात वर करा. किती तरी वेळ कोणी हललं नाही. मला वाटलं, संपलं. मग दरीवरून, घुंघटाखालून, बांगड्यांनी भरलेला एक हात वर आला. बिमलादेवी, चुलत्याच्याच भावकीतली. तिचा नवरा खुर्चीवरून तिच्याकडे वळून दात खात होता. तिला दिसलं नसावं, किंवा घुंघटाचा तेवढा तरी फायदा असावा. तिच्या पाठोपाठ दुसरा हात, तिसरा... सदस्य त्या होत्या, खुर्च्यांवरचे नव्हते. ठराव मंजूर झाला.

आम्ही फाटकाबाहेर पडलो आणि भिंतीपलीकडून वीट आली. पहिली खांबावर फुटली. दुसरी वहिनींच्या कानशिलावर. असा आवाज मी आयुष्यात पुन्हा ऐकू इच्छित नाही. त्या खाली बसल्या, पडल्या नाहीत, बसल्या, आणि टिकलीवरून रक्त नाकापर्यंत आलं. मी भिंतीकडे धावलो, तर पलीकडून आलेल्या तीन-चार जणांनी मला आडवा पाडून लाथा घातल्या. माझी बरगडी मोडली. अख्खं गाव तिथे होतं आणि कुणीही काही पाहिलं नाही. चौकीत मला सांगण्यात आलं, की भिंत जुनी आहे, विटा निसटतात.

टाके पडले, जखम भरली, आणि काही महिन्यांनी फिट यायला लागल्या. डॉक्टरांनी डोक्याच्या माराचा संबंध तोंडी सांगितला, लिहून दिला नाही. मी म्हणालो, वहिनी, आता बास, राजीनामा द्या, दिल्लीला या. त्यांनी मला वेड्यात काढलं. गोळ्या घेऊन, कधी जीभ चावलेली, कधी कोपर सुजलेलं, तरी त्या पुढची काही वर्षं रोज शाळेत जात राहिल्या. मास्तरांची बदली झाली नाही. मला वाटायचं, एवढं डोकं फोडून घेतलं आणि मिळवलं काय? तोच मास्तर, तोच वर्ग, तोच पगार. हे मी त्यांना एकदा ऐकवलंही. त्या फक्त म्हणाल्या, "तुम्ही वर्गात येऊन बघा एकदा." मी गेलो नाही, त्या शाळेचं फाटक बघायचीही मला इच्छा नव्हती.

त्या गेल्यावर समितीने शोकसभा ठेवली. दादासाठी जावं लागलं. सभा कशी असते तशीच झाली, हार, दोन मिनिटं उभं राहणं, मुख्याध्यापकांचं भाषण. संपल्यावर बिमलादेवी, त्या आता अध्यक्ष आहेत, खुर्चीवरून उठल्या आणि म्हणाल्या, जरा थांबा, माझी फेरी राहिली आहे. दादा आणि मी मागोमाग गेलो. तिसरीच्या वर्गात आम्ही पाऊल टाकलं आणि सगळी मुलं उभी राहिली, दोन्ही हात पुढे, तळवे वर.

आमच्या शाळेत असे हात एकाच कारणासाठी पुढे व्हायचे. फळ्यापाशी तेच मास्तर उभे होते. केस पांढरे झालेत, हातात खडू. मी त्यांच्याकडे बघत राहिलो, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यात माझ्याही मुठी वळल्या होत्या. बिमलादेवी पहिल्या बाकाशी गेल्या, एका मुलाचे हात आपल्या हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले, मनगट पाहिलं, हनुवटी वळवून दोन्ही कान पाहिले, आणि पुढच्याकडे गेल्या. "वळ आहे का, ते," दादा माझ्या कानाशी म्हणाला, "तुझी वहिनी रोज बघायची. प्रत्येक वर्ग." मुलं कंटाळल्यासारखी उभी होती. शाईचे हात, मातीचे हात, एकाचा नुसता गुळाने चिकट.

शेवटच्या बाकावर एक नवी मुलगी होती, कुठल्याशा दुसऱ्या शाळेतून आठवड्यापूर्वीच आलेली. तिने हात पाठीमागे घट्ट धरले होते आणि ती मास्तरांकडे बघत होती. बिमलादेवी समोर आल्या तशी ती भिंतीला टेकली. मास्तर फळा पुसत राहिले. शेजारच्या मुलीने तिला कोपराने ढोसलं.

"दिखा दे ना. यहाँ मारते नहीं, बस देखते हैं."

तिने एक हात पुढे केला. बिमलादेवींनी तो पाहिला, सोडला, आणि दुसऱ्याची वाट बघत तशाच उभ्या राहिल्या.