कासरा नातीच्या हातात

२०२५ साल. मला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. शाळा चौथीपर्यंत, पण बैलबंडी हाकण्यात मी कोणाला हार गेलो नाही आणि दिलेला शब्द कधी मागे घेतला नाही.

माझी नात एका संत्रा व्यापाऱ्याचं खासगी विमान चालवते. चार माणसांचं, एका पंख्याचं. तिच्या बापाला, म्हणजे माझ्या मुलाला, ते पहिल्यापासून खुपत होतं. एकदा जेवताना तो म्हणाला, "तुमीच तिले चढवून ठेवलं, बाबा. बसान काय तिच्या विमानात?"

"बसतो," म्हटलं. "तुह्यासारखा भेकड नाही मी."

मालक अकोल्याला होते. त्यांना आणायला विमान रिकामंच जाणार होतं, म्हणून त्यांनी मला बसू दिलं. अमरावतीहून उडालो. भीती वाटेल असं वाटलं होतं, वाटलं ते वेगळंच. खाली काळी रानं, त्यांत बारीक धुरे, म्हणजे शेतांचे बांध. त्या धुऱ्यांवरून आम्ही जन्मभर भांडलो, आणि वरून कोणतं शेत कोणाचं तेही कळेना.

अकोल्याची धावपट्टी अमरावतीपेक्षा आखूड, आणि नात तिथे पहिल्यांदाच उतरत होती. विमान जरा उंच राहिलं, उशिरा टेकलं, उसळलं, परत आदळलं. पुढचं चाक मोडलं. नाक घासत आम्ही गवतात जाऊन थांबलो. तिने पटापट सगळं बंद केलं आणि मला ओढून बाहेर काढलं. माझा गुडघा खरचटला, तेवढंच.

मग ती गवतात बसली. "माहा अंदाज चुकला, आबा. आता मी नाही उडवणार."

मालक धावत आले. "विमान दुरुस्त होते. तू बरी हायेस न?" एवढंच बोलले. पुढे चौकशी होणारच होती.

अकोल्यात माझी बहीण राहते, आम्ही तिच्याकडे गेलो. संध्याकाळी मुलगा कार घेऊन तिथे आला आणि चहा न घेताच म्हणाला, "बस झालं. परत विमानाचं नाव काढायचं नाही."

"बरं," नात म्हणाली. ते मला गुडघ्यापेक्षा जास्त लागलं.

"पोरीले जेवू तर दे," बहीण म्हणाली. "अन् हा म्हातारा आभायात जाऊन बसला होता, त्याले काहून नाही बोलत?"

मुलगा चुकला असं म्हणवत नाही. बापाचं काळीज ते. मी तरी पोरीच्या भरवशावर बसलो होतो, की माझ्या शब्दापायी? दोन्ही असेल. पण आमच्याकडे रीत आहे. बंडी उलटली, तर दुसऱ्या सकाळी कासरा त्याच माणसाच्या हातात द्यायचा. दुसऱ्याने हाकली की पहिल्याचा हात कायमचा जातो. बैल विसरतो, माणूस बुजतो.

रात्री तिथेच राहिलो. सकाळी खुंटीवरच्या मुलाच्या सदऱ्यातून मी कारची किल्ली काढली आणि नातीच्या हातावर ठेवली.

"बाबा चालवतील न, आबा."

"तो मांग बसन. चाल."

मुलगा अनवाणीच बाहेर आला. "बाबा, हे काय करून राहिले तुमी?"

"चप्पल घाल अन् बस."

मी तिच्या शेजारी बसलो. तिने आरसा नीट केला आणि गाडी सुरू केली. गल्लीच्या तोंडाशी मागून मुलगा ओरडला, "हळू! ऑटो येऊन राहिला!"

"हाकणाऱ्याले मांगून शिकवत नसते," म्हटलं. आणि वाटेतलं मूर्तिजापूर येईपर्यंत मी रस्त्याकडे पाहिलंच नाही. बाजूची शेतं पाहत बसलो.