वरची वाटणी

हसनाबादच्या बाजारगल्लीत दैवशालाबाईंची गिरणी आहे. एका बाजूला पिठाची चक्की, दुसऱ्या बाजूला मिरची कांडप. तिथं उभा राहिलेला माणूस एक तर पांढरा होऊन निघतो, नाही तर शिंकत. बाई पन्नाशीच्या पुढच्या, अंगानं भरलेल्या, आणि आवाज असा की चक्की चालू असतानाही पलीकडच्या दुकानात ऐकू जावा. लेक राजनंदिनी जालन्याला दिलेली, नवरा मच्छिंद्र दिवसभर मिरचीच्या रानात. या बाईला कशाची भीती वाटत असेल, असं कुणाच्या मनातही येणार नाही.

पण भीती होती, आणि ती सासूची होती. सासू वारून चार वर्षं झाली होती, तरीही.

तुळजाबाई जिवंत होती तेव्हा एसटीनं जालन्याला जायचं झालं, की गाडी पुरती थांबायच्या आत ही म्हातारी खिडकीतून पिशवी फेकून जागा धरायची. सुनेचीही धरायची. पण मग जालना येईपर्यंत तिला सोडायची नाही. पदर असा का, भाकर कालची जाड का, तुझ्या माहेरच्यांनी लग्नात आम्हाला कुठं बसवलं होतं, सगळं एकेक निघायचं. शेवटच्या दुखण्यात तिनं सुनेचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "तू ये सावकाश. मी होते म्होरं. जागा धरून ठेवते."

भोवतालच्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. काय माया! दैवशालाबाईंना मात्र जालन्यापर्यंतची एसटी आठवली.

पहिल्यांदा त्यांना तसं काही जाणवलं नाही. मग गल्लीत एक-दोन मयती झाल्या आणि छातीत धडधड सुरू झाली. दळण चाळता चाळता हात गार पडायचे, श्वास वरच्या वर राहायचा आणि वाटायचं, आता आपण जाणार. जाणार म्हटलं की पुढं कोण बसलंय तेही दिसायचं, शेजारच्या सीटवर हात ठेवून.

मच्छिंद्रनं त्यांना जालन्याला दवाखान्यात नेलं. छातीला वायरी लावून पट्टी काढली. डॉक्टर खुश झाले. "बाई, हार्ट एकदम फर्स्ट क्लास. अजून तीस-चाळीस वर्षं काही होत नाही."

"अन् मंग?" दैवशालाबाईंनी विचारलं.

"मग काय?"

"चाळीस वर्षांनी. त्याच्या म्होरं काय व्हतंय?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ते माझ्याकडं नाही," ते म्हणाले. पण माणूस चांगला होता. हा घाबरण्याचा आजार असतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं, गोळ्या दिल्या, सकाळी चालायला सांगितलं. वर म्हणाले, "आणि मनातलं कुणाशी तरी बोलत जा."

बाईंनी गोळ्या घेतल्या आणि बोलण्याचं फार मनावर घेतलं. गिरणीत पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला त्या विचारायला लागल्या, "ठेवा डबा. मेल्यावर काय व्हतं, तुमच्या मतानं?" एकानं "बारीक" असं उत्तर दिलं. त्याला वाटलं, दळणाचं विचारतायत. दोघी-तिघींनी दळण दुसरीकडं न्यायला सुरुवात केली.

त्यातच गावात सप्ताह बसला. काल्याचं कीर्तन झाल्यावर महाराज चहा घेत बसले होते. बाई पुढं झाल्या.

"महाराज, वर गेल्यावर घरची माणसं भेटतेत का हो?"

"भेटतात म्हणजे काय! माय, बाप, सासू, सासरे, सगळे दारात उभे असतात."

"सासूबी?"

"सासू तर सगळ्यांच्या पुढं."

"किती दिवसासाठी?"

"दिवस कसले, माउली? कायमचं!"

दैवशालाबाई तिथंच मांडवात मटकन बसल्या. महाराजांना वाटलं, बाईंना आनंद झाला. त्यांनी आपल्या गळ्यातला हार काढून त्यांच्या गळ्यात घातला.

घराशेजारी भावनाबाई राहतात. शाळेत शिक्षिका, बौद्ध कुटुंबातल्या, दैवशालाबाईंच्या जिवाभावाच्या. हार घालून धावत आलेली मैत्रीण बघून त्यांनी आधी पाणी दिलं.

"ताई, आमच्यात असलं वर-खाली काही न्हाई," त्या म्हणाल्या. "तुम्ही गिरणीचं बटण बंद केलं, की आवाज कुठं गेला म्हणून हुडकता का? संपला. तसं हे."

"म्हणजे कुणीच भेटत न्हाई?"

"कुणीच न्हाई."

"आत्याबाईबी न्हाई? माही सासू?"

"न्हाई ताई."

बाईंना इतकं हलकं वाटलं की त्यांनी भावनाबाईंना अर्धा किलो तिखट फुकट कांडून दिलं. पण दुसऱ्याच दिवशी त्या गिरणीचं बटण बंद करून कान देऊन उभ्या राहिलेल्या दिसल्या. पुन्हा चालू, पुन्हा बंद. आवाज खरंच कुठं जातो? त्यांच्या कानात तर तो संध्याकाळपर्यंत गुणगुणत राहायचा. आणि जर कुठंच जात नसेल, तर मग आपण? माणसं डबे घेऊन रांगेत उभी आणि बाई बटणाशी. शेवटी मोटारच जळाली.

काहीच नसण्यापेक्षा सासू बरी की सासूपेक्षा काहीच नसणं बरं, हे काही त्यांना ठरवता येईना. मग त्यांनी आपल्यापुरता एक मार्ग काढला. तुळजाबाईनं जन्मभर उपास केलेले. एकादशी म्हणू नका, चतुर्थी म्हणू नका. म्हणजे ती वरच गेली असणार. मग आपण वर जायचंच नाही. पण अगदी खालीही नको, कारण खालच्या उकळत्या तेलाचं वर्णन त्यांनी कीर्तनात ऐकलं होतं. कुठंतरी मधे जागा मिळेल एवढंच पाप करायचं. भाजीत मीठ टाकतो तसं, अंदाजानं.

एकादशीला त्यांनी भर बाजारात उभं राहून कांद्याची भजी खाल्ली. गावातल्या पुंजारामबापूंचे गहू दळलेले नसताना "दळले" म्हणून सांगितलं. गिऱ्हाइकाच्या पिठातून मूठ मूठ पीठ काढायचंही ठरवलं, पण काढलेली मूठ दिवसभर डोळ्यांसमोर नाचायची आणि संध्याकाळी त्या घरच्या पिठातल्या दोन मुठी त्या डब्यात टाकून द्यायच्या. पापाचा हा भाग घाट्यातच गेला.

मच्छिंद्रनं भज्यांचा कागद बघून विचारलं, "हे काय करून राह्यली तू?"

"पाप."

"कशापायी?"

"तुमच्या आईपायी."

मच्छिंद्र हा सबुरीचा माणूस. त्यानं एक भजं उचललं, खाल्लं आणि मग म्हणाला, "पण माय वरच गेली, हे तुला कुणी सांगितलं?"

"एवढे उपास केलेले!"

"उपास..." मच्छिंद्र घुटमळला. "त्याचं कांतामावशीला विचार."

कांताबाई ही तुळजाबाईची धाकटी बहीण, आष्टीला असते. नवरा-बायको जालना, परतूर करत दुपारी आष्टीला पोचले. म्हातारी उन्हात बसून चिंचा फोडत होती. दैवशालाबाईंनी पाया पडून लगेच विचारलं, "मावशी, आत्याबाई वर गेल्या असतील का खाली?"

कांताबाई तोंडाला पदर लावून हसली. "तुळजी? अगं, एकादशीला ती बाजरीच्या कणगीमागं बसून शेव खायची. मी सोबतीला. उपास आमचा लोकांसाठी बराबर व्हता."

दैवशालाबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे खाली?"

"तेबी न्हाई. गावातली बाळंतीण अडली की पहिली तीच जायची. तसल्या बाईला खाली कोण घेतंय? मधी कुठं तरी बसली असंल."

मधे! बाईंनी जी जागा मोजूनमापून, भजी खाऊन, खोटं बोलून आपल्यासाठी तयार केली होती, तिथंच सासू आधी जाऊन बसलेली. धडधड अशी सुरू झाली की मच्छिंद्रनं त्यांना तांब्याभर पाणी पाजलं आणि डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे श्वास मोजायला लावला. बाई शांत झाल्यावर त्यांनी मावशीला सगळं सांगितलं, सासूचं ते शेवटचं 'जागा धरून ठेवते'सुद्धा.

कांताबाई चिंचा फोडायची थांबली. "तुला धाक दाखवायला न्हाई म्हणली ती," ती म्हणाली. "भ्याली व्हती बिचारी. मी भेटाया आल्ते तवा मला इचारलं, कांते, तिकडं वळखीचं कुणी असंल का गं? मी म्हणले, तुही सासू असंल. तर रडायलाच लागली."

दैवशालाबाईंनी ढिगातली एक चिंच उचलून फोडली.

"मंग मी आता काय करू?" दैवशालाबाईंनी विचारलं.

"आपल्यात काय करतेत? सासू-सुनेचं जमत न्हाई तवा?"

"वेगळं निघतेत."

"मंग नीघ वेगळी."

पित्रपंधरवड्यात तुळजाबाईच्या तिथीला वरच्या जागेच्या वाटणीची बैठक बसली. वडे, खीर, कढी असा स्वयंपाक होऊन पान ठेवून झालं होतं. गावातल्या निम्म्या वाटण्या पुंजारामबापूंनी केलेल्या, म्हणून ते मुख्य पंच. न दळलेल्या गव्हांचा राग त्यांनी त्या दिवसापुरता बाजूला ठेवला. तुळजाबाईच्या बाजूनं बोलायला कांताबाई आष्टीहून आली. आणि दुसऱ्या पंच भावनाबाई, कारण वर त्यांचा कसलाच हिस्सा नव्हता.

"मी काही मानत न्हाई," भावनाबाईंनी आधीच सांगितलं. "पण ताईंची छाती शांत राहत असंल, तर बसते."

बापूंनी घसा साफ केला. "जागा किती हाय?"

"ते कुणाला माहीत?" मच्छिंद्र म्हणाला.

"एवढी माणसं जाऊन राह्यली, म्हणजे बिलकुल लहान नसंल. निम्मी-निम्मी धरा. पण मधी रस्ता ठेवा. आपल्याकडं सगळे तंटे रस्त्यावरूनच व्हतेत."

"माही बहीण उगवतीची बाजू सोडणार न्हाई," कांताबाईनं ठणकावलं.

"घेऊ द्या उगवती," दैवशालाबाई म्हणाल्या. "पण चूल वेगळी. माह्या भाकरीला त्यांनी हात लावायचा न्हाई अन् नाव ठेवायचं न्हाई. अन् माहेराचा इषय बंद."

"माहेराचा इषय वर्षातून एकदा चालंल का?" कांताबाईनं घासाघीस केली.

"दिवाळीला. एकदाच."

भावनाबाईंनी दोघींना हे मान्य आहे का, असं विचारलं. कांताबाईनं बहिणीच्या फोटोकडं बघितलं आणि हो म्हणाली. कागद करायचा का, असं बापूंनी विचारलं, पण वर तो कोण वाचणार, म्हणून सगळं तोंडीच ठरलं.

एवढ्यात मच्छिंद्र म्हणाला, "अन् मी कुणाकडं जेवू?"

सगळ्यांनी बापूंकडं बघितलं. बापूंनी आयुष्यात बांध, विहीर, बैल, आंब्याचं झाड, सगळं वाटून दिलं होतं. "तू अजून जिता हायस," ते शेवटी म्हणाले. "तुहं तवाच्या तवा बघू."

उठायची वेळ झाली तेव्हा दैवशालाबाई अचानक म्हणाल्या, "ओसरी मात्र सामाईक ठेवा."

"ओसरी कशाला?" बापू म्हणाले. "तिथंच भांडणं व्हतेत."

"होऊ द्या. त्यांना एकटं बसायची सवय न्हाई."

कांताबाईनं नाक ओढलं. भावनाबाई हळूच म्हणाल्या, "ओसरी सामाईक. ठरलं." मग सगळे जेवायला बसले आणि बापूंनी कढी तीनदा मागून घेतली.

त्या दिवसापासून बाईंची भीती एकदम गेली, असं नाही. गल्लीत मयत झाली की अजून हात गार पडतात. पण मग त्या फोटोसमोर उभ्या राहतात, "आत्याबाई, ठरल्याप्रमाणं ऱ्हायचं," असं दम देऊन सांगतात आणि चक्की सुरू करतात. गोळ्या आता कमी झाल्या आहेत. दळण दुसरीकडं नेलेल्या बायाही परत आल्या. त्यांतल्या दोघींनी बापूंकडं आपापल्या सासवांचा विषय काढून ठेवला आहे.

झोप उडाली ती मच्छिंद्रची. ताटावर बसला की घास हातात धरून छताकडं बघत राहतो. भावनाबाईंना रस्त्यात गाठून विचारतो, "मॅडम, तुम्ही पंच व्हत्या. माहं काय ठरलं?" मिरचीच्या रानात त्याच्या छातीत धडधडलं, तेव्हा बाईच त्याला जालन्याला घेऊन गेल्या. पट्टी निघाली, हार्ट फर्स्ट क्लास निघालं, गोळ्या मिळाल्या. आता रोज सकाळी दोघं भोकरदनच्या रस्त्यानं चालायला जातात.

"माय कढी चांगली करायची," परवा चालता चालता मच्छिंद्र म्हणाला. "पण भाकर तुही मऊ असती."

"मंग?"

"मंग काय, काही सुचंना गेलंय."

दैवशालाबाईंनी त्याचा रुमाल नीट केला. "घ्या की इचार करायला टाइम," त्या म्हणाल्या. "जल्दी कुणाला हाय?"