धूर कितला ठेवू?

अण्णा गेले तो सोमवार होता. ते माझे भाऊ. सकाळी त्यांनी पिकअप अंगणात लावली, चहा सांगितला आणि खुर्चीत बसले. चहा आला तेव्हा ते गेलेले होते.

त्यानंतर घरात पहिला वाद झाला तो गाडीवरून. अण्णा यावलहून सातपुड्यातल्या एका पाड्यावर फेरी करत. पाडा खोऱ्यात आहे. गाडी रिकामी उतरते आणि बाजाराला यायची माणसं आणि मक्याची पोती घेऊन चढ चढते. आमचा चुलतभाऊ नाना म्हणाला, "वहिनींनी आता घरी बसावं. गाडी मी नेतो." वहिनी म्हणाल्या, गाडी मी चालवणार. परवाना त्यांच्याकडे होता, शिकवलं अण्णांनीच होतं. भाऊबंदांनी बसून तोड काढली: मक्याच्या पहिल्या फेरीला वहिनींनी भरलेली गाडी चढ चढवून दाखवावी. चढली तर गाडी आणि फेरी त्यांची, नाही चढली तर नानाची. यात अडचण एवढीच होती की अलीकडे ती गाडी अण्णांच्या हातूनही धड चढत नव्हती. तिसऱ्या वळणावर माणसं उतरून ढकलायची.

"पंप आणि नोझल बदलायचेत, असं ते उन्हाळ्यापासून म्हणत होते," वहिनी मला म्हणाल्या. "चला भाऊजी, आपण बदलून आणू."

मी अमळनेरला एका ग्रंथालयात नोकरी केली. मला गाडी चालवता येत नाही. पण बाई एकटी निघाली तर लोक तिला बोलतात आणि मी शेजारी बसलो तर मला बोलतात. वहिनींना ही व्यवस्था सोयीची वाटली.

थंडीची सकाळ होती. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आणि मधून आमची पिकअप, मागे काळा धूर सोडत. तापीचा पूल ओलांडेपर्यंत आमच्या मागे एक मोटारसायकलवाला होता. पुलानंतर त्याने आम्हाला गाठलं, काच ठोठावली आणि आपला शर्ट दाखवला. घरून निघताना तो पांढरा असावा.

जळगावात मी खाली उतरून चौकशी सुरू केली. माझी ही पहिली चूक. मी विचारलं, "पंपाचं काम कुठं होतं?" लोकांनी अगत्याने रस्ता दाखवला आणि आम्ही विहिरीतल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या दुकानात पोहोचलो. मालक तांब्याची तार गुंडाळत होते. म्हणाले, "विहीर किती खोल आहे?"

मी शब्द सुधारला. पुढच्या चौकात "नोझलवाला पंप" म्हणालो. आता आम्हाला शेती अवजारांच्या दुकानात धाडलं. दुकानातले शेठ मूळचे राजस्थानचे, पण कापसाबद्दल बोलताना कुणालाही ओळखू येणार नाहीत असे. त्यांनी पाठीवर अडकवायचा फवारणी पंप काढला, त्यात पाणी भरलं आणि त्याचं नोझल किती बारीक फवारतं ते माझ्या चष्म्यावर दाखवलं.

चष्मा पुसून मी म्हणालो, "शेठजी, मला डिझेलचा पंप पाहिजे."

"मग आधीच सांगायचं ना मास्तर! हा काय समोर."

समोर पेट्रोल पंप होता.

वहिनी इतका वेळ स्टिअरिंगवर हनुवटी टेकून माझा भाषाव्यवहार बघत होत्या. त्या उतरल्या, बॉनेट उघडलं आणि इंजिनाला चिकटलेल्या काळपट तुकड्यावर बोट ठेवलं. "शेठजी, हा." शेठ वाकून म्हणाले, "हा होय! हा धुळ्याला. रशीदभाईंकडे." माझ्या खिशातल्या सगळ्या शब्दांना जमलं नाही ते एका बोटाने केलं, याचा वहिनींनी पुढे पारोळ्यापर्यंत एकदाही उल्लेख केला नाही. नुसत्या हसत होत्या.

पारोळ्याच्या अलीकडे निंबाखाली डबा सोडला. भरीत, कांद्याची पात आणि कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली). जेवताना मी विचारलं की हा पंप नेमकं करतो काय. वहिनी म्हणाल्या, "पंप डिझेल दाबून पाठवतो. नोझल त्याचा फवारा करतं. फवारा झाला नाही, नुसती धार लागली, तर डिझेल जळत नाही. धूर होतो." मग भाकरी मोडत म्हणाल्या, "हे सगळं ते सांगायचे. मी ऐकतेय असं त्यांना कधी वाटलं नाही."

धुळ्यात रशीदभाईंचं गॅरेज सापडलं ते आवाजावरून. इंजिनांच्या नव्हे, त्यांच्या. हा माणूस हात आणि तोंड एकाच वेगाने चालवतो. वहिनींचं माहेर शिरपूरकडचं, त्यामुळे दोघांची अहिराणी लगेच जुळली.

"गाडी कोन चालावस?" (कोण चालवतं?)

"मी."

"आनि हाऊ भाऊ?" (आणि हे भाऊ?)

"त्या पुस्तकं वाचतस." (ते पुस्तकं वाचतात.)

"मंग त्यासले बाकवर बसाडा," रशीदभाई म्हणाले. मला बाकावर बसवण्यात आलं.

बाकावरून मी पुष्कळ पाहिलं. जुनी नोझलं एका हातपंपाला जोडून दाबली तेव्हा दोन थेंब गाळत होती, उरलेल्या दोनांतून पिचकारी निघत होती. रशीदभाईंनी चारही नोझलांची सगळ्या गॅरेजसमोर खिल्ली उडवली. नवी, पुढच्या मापाची नोझलं लावली तेव्हा धुक्यासारखा फवारा निघाला. पंपाच्या आतले झिजलेले दट्टे काढून मोठे बसवले. मग तो पंप एका यंत्रावर फिरवला. त्याच्यापुढे काचेच्या चार नळ्या होत्या. चारही नळ्यांत डिझेल सारखं चढेपर्यंत ते पेच फिरवत राहिले आणि तेवढा वेळ गप्प होते. गॅरेजमधली माणसं या शांततेने दचकून वळून बघू लागली.

काम दुसऱ्या दिवसावर गेलं. मुक्काम वहिनींच्या मावशीकडे झाला. तिथली शेवभाजी इतकी तिखट होती की रशीदभाईंनी ती फवारली असती तर इंजिन चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी पंप गाडीवर चढला, हवा गाळायची जाळीही नवी बसली. रशीदभाई हात पुसत आले आणि हॉटेलात साखर विचारावी तसं विचारलं, "आते सांगा अक्का, धूर कितला ठेवू?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण तो खरोखरच ठरवायचा विषय होता. "बठ्ठा गिऱ्हाईक धूर मांगतस," (सगळी गिऱ्हाइकं धूर मागतात) त्यांनी मला समजावलं. "धूर नही तं दम नही, आशे म्हनतस." पंपाचा एक पेच फिरवून डिझेल गरजेपेक्षा जास्त सोडलं की काळा लोट निघतो. इंजिन तापतं, डिझेल वाया जातं, पण गावात शिरताना बरं दिसतं. लग्नसराईत तर काही जण वरातीपुरता धूर वाढवून नेतात.

"तिळभर बी नको," वहिनी म्हणाल्या.

"लोकं म्हनतीन, गाडी मरेल शे." (गाडी मेलेली आहे.)

"म्हनू द्या. तेच पाहिजे."

रशीदभाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि मोठ्यांदा हसले. त्यांना काहीतरी कळलं होतं. मला कळलं नव्हतं.

परतीचा रस्ता शिरपूरवरून धरला. सोनगीरचा किल्ला उजवीकडे दिसत होता आणि मी त्याविषयी वहिनींना चार वाक्यं सांगायच्या बेतात होतो, तोच गाडी आचके देऊन थांबली. "हवा धरली," वहिनी म्हणाल्या. डिझेलच्या नळीचा एक जोड सैल राहिला होता आणि त्यातून हवा आत शिरली होती. त्यांनी जोड आवळला आणि मला इंजिनावरचं एक बटण अंगठ्याने दाबत राहायला सांगितलं. फेस थांबून निव्वळ डिझेल येईपर्यंत दाबायचं. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी थांबून सल्ले दिले. एका आजोबांनी विचारलं, "काय देखी राहिनात?" (काय बघताय?) मी म्हणालो, "हवा काढतोय." ते म्हणाले, "कोनी?" (कुणाची?) आणि सायकलवर टांग मारून गेले. अंगठा आठवडाभर दुखला. तापी ओलांडून शिरपूर, मग चोपडा, मग यावल.

बाजाराच्या आदल्या दिवशी आम्ही पाड्यावर उतरलो. नाना आधीच हजर होता. वहिनींनी इंजिन चालू ठेवून गाडी उभी केली. नाना मागे गेला, वाकला आणि धुराच्या नळीतून काही निघतंय का ते पाहू लागला. काही निघत नव्हतं.

"वहिनी, धूर कुठाय?" त्याचा चेहरा फुलला. "पंप बदलायला गेलात आणि गाडीचा जीव काढून आलात की!"

मी पुढे झालो. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, हे त्याला सांगावं म्हणून तोंड उघडलं, तर वहिनींनी माझ्या दुखऱ्या अंगठ्यालाच चिमटा काढला. "भाऊजी, गप बसा," त्या हळूच म्हणाल्या. "धूर दिसला असता तर नानांनी नेहमीचीच पोती मोजून भरू दिली असती. मग गाडी चढल्यावर म्हणाले असते, वजनच नव्हतं. आता गाडी मेली समजून स्वतःच लादतील."

तेव्हा कुठे मला धुळ्यातलं हसणं कळलं.

नाना स्वतः उभा राहून पोती चढवत होता. गाडी मागून बसत चालली. पाड्यावरचे एक आबा म्हणाले, "नाना, आता बस कर." नाना म्हणाला, "राहू द्या आबा, अण्णा एवढंच भरायचे." अण्णा एवढं कधीच भरत नसत. शेवटी वाटेत कुणी पोती उतरवू नयेत यावर नजर ठेवायला तो स्वतः पोत्यांवर चढून बसला. नानाचं वजन भाऊबंदांत प्रसिद्ध आहे.

वहिनींनी पदर खोचला आणि पहिला गिअर टाकला. पहिलं वळण गेलं. दुसऱ्यावर चाकाखालची खडी सरकली. तिसऱ्या वळणाला इंजिनाचा आवाज खाली गेला, अगदी खाली, आणि मी दार उघडायच्या तयारीने कडीवर हात ठेवला. वहिनींनी पाय हलवला नाही. आवाज तसाच राहिला, मग पुन्हा वर आला. आम्ही वळण ओलांडलं.

माथ्यावर त्यांनी इंजिन बंद केलं. नाना मागून उतरला, अंगभर मक्याचा भुसा.

"वजन तसं..." तो म्हणू लागला.

"तुम्हीच भरलं, नाना," वहिनी म्हणाल्या. "आणि तुम्ही स्वतः होतात की वर."

नानाने खाली दरीकडे पाहिलं. मग म्हणाला, "चालवता बाकी चांगलं." आणि भुसा झटकू लागला. वहिनी मात्र उतरल्या नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिल्या. "एकदा त्यांच्या हातून अशी चढायला हवी होती," एवढंच म्हणाल्या. त्या वेळी माझ्याकडे शब्द नव्हते आणि दाखवायला बोटही नव्हतं.

मी अमळनेरला परतलो. शेजारी विचारतात, धुळ्यात काय पाहिलंत. मी सांगतो, काचेच्या चार नळ्या. त्यांना वाटतं मी अजून दुःखात आहे. ते चुकीचं नाही.

अण्णा नाहीत. गाडी आणि पाड्याची फेरी वहिनींकडे आहे. बाजाराच्या आदल्या दिवशी मी बसने यावलला जातो आणि त्यांच्या शेजारी बसतो.