पऱ्ह्याच्या तोंडाशी सापडलेलं सोनं

वादळाने आमची पोफळीची वाडी आडवी केली, तेव्हापासून माझ्या धाकट्या दिराचं लक्ष जमिनीच्या वर कमी आणि जमिनीखाली जास्त असतं. दिवेआगरच्या बाजूला वाडीत खणताना सोनं निघाल्याची गोष्ट पोरं चालायला लागायच्या आधी ऐकतात. त्यामुळे एका खाण कंपनीने आमच्या डोंगरात सोनं आहे का ते बघायचं ठरवलं, तेव्हा गावात कुणी हसलं नाही.

डोंगर आमच्या दोन घरांत सामाईक. तिथे यंत्राने खोल भोकं पाडायला दिराची आणि माझी, दोघांची संमती हवी होती. भोकं पाडल्यावर डोंगरातून वाडीत येणारं पाणी टिकेल का, हे मात्र कुणी सांगत नव्हतं. मी पोफळीची रोपं आणून ठेवली होती, ती पिशव्यांतच पिवळी पडत होती. रोपांसाठी आळी खणायची ती दिरानेच. माझा खांदा धरलेला.

"वहिनी, थांबा जरा," तो म्हणायचा. "खाली सोनं आणि वर सुपारी? लोक येडे म्हणतील."

"सोनं चुना लावून खाता येत नाही, भावजी."

कंपनीचा भूवैज्ञानिक माघात आला होता. नाकाची सालं निघालेला, सभ्य माणूस. दीर त्या दिवशी श्रीवर्धनला गेलेला, म्हणून वाट दाखवायला मी गेले. डोंगरातून पऱ्ह्या उतरतो, वाडीला वळसा घालून खाडीला मिळतो. त्याच्या कडेकडेने तो वाळू उचलत खाली आला. परातीसारख्या पसरट भांड्यात पाणी घेऊन ती घोळायचा. हलकी वाळू वाहून जायची, तळाशी काळी रेती उरायची. "हा सगळा काळा पाषाण," तो म्हणाला, "ह्यात सोनं असायची आशा फार नाही." मला बरंच वाटलं.

शेवटचा नमुना त्याने पऱ्ह्याच्या तोंडाशी घेतला. ओहोटी लागली होती. खाडीच्या चिखलावर पाण्याचा पातळ पापुद्रा होता आणि त्यात आभाळ जसंच्या तसं उतरलं होतं. बगळे त्या आभाळातून चालत होते. भांड्यातलं पाणी गोल फिरत राहिलं, मी बघत राहिले. काळ्या रेतीच्या कडेला एक पिवळी चमक आली, गेली, परत आली. झोप लागायच्या आधी डोळ्यांपुढे काहीतरी तरंगतं, तशी. त्याने पिशवीवर खूण केली.

वैशाखात दिराला फोन आला. वरच्या कुठल्याच नमुन्यात काही नाही. अगदी खालच्या एकात सोनं आहे. थोडं, पण आहे. कंपनीला भोकं पाडून बघायचीच होती. दीर अंगणात उभा राहून उरल्यासुरल्या पोफळींच्या बुंध्यांकडे असा बघत होता, की त्याला त्यांच्या जागी दुसरंच काही दिसत असावं. खरं सांगायचं तर त्या दोन दिवसांत मलाही दिसायला लागलं होतं. उन्हं कलली की विहिरीचा काठ, वाळत घातलेल्या सुपाऱ्या, शेजारणीची पितळी कळशी, सगळ्यावर तो रंग चढायचा. मी सहीला हो म्हणायच्या बेतात होते.

तिसऱ्या दिवशी भाताचे तांदूळ धूत होते. पाणी गोल फिरवलं, तांदूळ एका अंगाला जमले आणि माझा हात थांबला. पऱ्ह्याचं तोंड म्हणजे आमचं स्मशान. वरचं पत्र्याचं छप्पर वादळात उडून गेलं, ते पुन्हा घातलं नाही. परक्या माणसाला तिथे नुसती मोकळी वाळू दिसते. आमच्यात माणूस जाताना तुळशीपत्राबरोबर सोन्याचा मणी तोंडात ठेवतात. तो परत घ्यायचा नाही. अस्थी वेचल्या की उरलेली राख पऱ्ह्यात लोटतात. किती पिढ्या, कोण जाणे.

दीर ओटीवर बसला होता. मी ओल्या हातांनीच बाहेर आले.

"भावजी, तो खालचा नमुना कुठला, ठाऊक आहे का?"

"वाडीखालचा असंल."

"स्मशानातला. मी समोर उभी होते."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा खाडीकडे. मग त्याच्यातला हट्ट उठला. "सोनं ते सोनं, वहिनी. कंपनीला काय करायचंय?"

"मग खणा म्हणावं. सासूबाई सापडतील. तुमचा दादा सापडेल."

माझा नवरा गेला तेव्हा मंगळसूत्रातला मणी मीच काढून दिला होता.

"दादाच्या तोंडात मी घातला होता," तो म्हणाला. "दात घट्ट बसलेले. मी म्हटलं, दादा, उघड रं."

हे मला ठाऊक नव्हतं.

भूवैज्ञानिकाला फोन मी केला. खालचा नमुना स्मशानातला, हे सांगितलं. तो म्हणाला, तो नमुना वगळतो, म्हणजे डोंगरात शोधण्यासारखं काही उरत नाही. आणि माफ करा, म्हणाला. मी म्हटलं, त्यात काय, तुम्ही वाळूच घेतलीत.

संध्याकाळी कुदळीचा आवाज आला. दीर पहिलं आळं खणत होता. मी रोपं नेऊन ठेवली. त्याने एक पिशवी फाडली, मुळं मोकळी केली, आणि वर न बघता विचारलं, "दादाला चालंल ना, सोनं सोडून सुपारी?"

"त्याला मणी तरी कुठे विचारून घातला होता?"

तो हसला. भरती चढत होती. पऱ्ह्याच्या तोंडाशी पाणी थबकून माघारी वळत होतं, आणि वरचं ऊन त्याच्याबरोबर आत, वाडीकडे येत होतं. मी पुढचं रोप हातात दिलं.