ओल्या सुताची गाठ

माझे वरचे दोन दात इतके पुढे होते की ओठ मिटायला मला मुद्दाम प्रयत्न करावा लागे. वर्गात वकिलांची मुलगी होती, तिचे तर माझ्याहून पुढे. पण ती हसली की बाई म्हणायच्या, "गोड आहे हो पोर," आणि मी हसले की, "तोंड मीट आधी." एवढ्यावरून मला जगाची रीत कळायला हवी होती. कळली नाही, कारण आवाज माझा चांगला होता. बक्षीस समारंभाचं स्वागतगीत आपणच म्हणणार, याची मला खात्रीच होती.

दिवाळीनंतर ती मुलगी मुंबईला जाऊन आली, ती दातांवर तार बसवून. तार हळूहळू दात आत ओढते म्हणे. सगळ्यांना तोंड उघडून दाखवलं तिनं. मी घरी येऊन वडिलांना, अप्पांना सांगितलं. ते मागावर बसले होते. हातातला धोटा ठेवून त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं.

"त्यात काय हाय? सूत वलं झालं की आवळतंयच की," ते म्हणाले.

तुटलेला धागा जोडताना विणकर मारतो ती बारीक गाठ, अप्पांची सगळ्या पेठेत नावाजलेली. दोन्ही दातांभोवती दुहेरी सूत घेऊन त्यांनी तीच गाठ मारली, अगदी हलक्या हातानं.

"दुकतंय का गं?"

"न्हाय."

दुखत होतं. पण मला ते गीत म्हणायचं होतं.

सूत खरंच आवळलं. आवळत आवळत वर सरकलं आणि हिरडीत शिरलं. दिसेना, तेव्हा आईला वाटलं तुटून पडलं असेल. हिरडी सुजली. हळद झाली, लवंग झाली. एक दात भाकरीच्या घासात आला, दुसरा आठवड्यानं. त्याच्या मुळाशी सूत होतं. गाठ सुटलेली नव्हती. अप्पा ती हातात घेऊन उलटसुलट बघत राहिले. मला राग आला, अजूनही येतो. पण आपलेच दात, आपलेच ओठ, बोलायचं कुणाला?

गीत वकिलांच्या मुलीला मिळालं. आम्ही दहाजणी मागं साथीला. बाई मला म्हणाल्या, "तू कडेला उभी राहा, पण तोंड उघडू नकोस. पाहुण्यांपुढे ते खिंडार नको." तिचे दात तोवर सरळ होत आले होते. गायली बेसूर, टाळ्या मात्र कडकडून पडल्या. मी ओठ घट्ट मिटून उभी होते.

अप्पा त्या दिवशी माग बंद ठेवून, धुतलेलं धोतर नेसून आले होते. दाराशी उभे होते. घरी जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "येवढ्या पोरींत तुजा आवाज मला बराबर वळकू आला की."

मी नुसती मान हलवली. खरं सांगायला तोंड उघडावं लागलं असतं.