बंद इंजिनाचं पाणी

भूत, आत्मा यांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. मी शाळेत विज्ञान शिकवत आले. म्हणून पाहिलं तेवढंच लिहिते.

एकोणीसशे साठच्या दशकातली गोष्ट. गाव नंदुरबारजवळचं रनाळे; नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. माझा धाकटा भाऊ सुधाकर ऑइल इंजिनं दुरुस्त करायचा. लहानपणच्या सांधेतापानं त्याचं हृदय कमकुवत झालेलं. नाडी मीच मोजायची — दोन ठोके जवळजवळ, मग थांबा... पुन्हा दोन. धुळ्याच्या डॉक्टरांनी जड काम बंद केलं होतं.

एका मासिकात वाचलं, अमेरिकेत थकलेल्या हृदयाला रक्त ढकलायला यंत्राचा पंप जोडून पाहताहेत. त्याला वाचून दाखवलं तर हसला, "मंग मन्हा छातीमा बी एक बसाड ना, ताई! फूटव्हॉल मीच बदलसू." फूटव्हॉल म्हणजे पंपाच्या पाइपाच्या बुडाची झडप; ती बदलणं त्याचं नेहमीचं काम.

उन्हाळ्यात काकांची केळी सुकायला लागली. विहिरीवरचं इंजिन हट्टी, सुधाकरशिवाय कुणाला दाद द्यायचं नाही.

"काका, डॉक्टरनी त्याले हँडल माराले नही सांगेल शे," मी म्हटलं.

"तू तुन्हं पुस्तक वाच. एक डाव हँडल मारामा काय मरस का तो?"

मेला. हँडल हातात असतानाच. इंजिन सुरू झालंच नाही.

चौथ्या दिवशी भर दुपारी मी विहिरीवर गेले. इंजिन थंड, पट्टा खुंटीला, टाकीत डिझेल नाही. आणि पाइपातून पाणी पडत होतं... सलग धार नव्हे. दोन उसळ्या, मग थांबा... पुन्हा दोन. मनगट धरावं तसा मी पाइप धरला. ती नाडी मला पाठ होती.

मागून काका आले. हात जोडून म्हणाले, "दख, पोऱ्या आजून केळीले पानी दी ऱ्हायना!"

माझं डोकं भणाणलं. जीव घेतलात, तेवढ्यानं भागलं नाही? मेल्यावरही त्यानं तुमच्याच केळीला राबायचं? मी फावडं उचललं आणि पाट फोडला. पाणी पडीक रानात पसरलं.

"येडी व्हयनी का तू!" काका ओरडले.

त्याच क्षणी पाइप थांबला.

कुणी म्हणालं, पाइपात हवा अडकली असेल. वीस हात खोल विहिरीतलं पाणी नुसती हवा वर आणते? पाणी का आलं, मला आजही सांगता येत नाही. आणि थांबलं ते सुधाकर सुटला म्हणून, की मी थांबवलं म्हणून... तेही नाही.

काकांनी इंजिनाला शेंदूर फासला. लोक नारळ फोडतात. रनाळ्याला गेले की मी आधी तो शेंदूर खरवडून काढते.