कचरा डेपोचं आयुष्य मोजणारे भाऊजी

भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, त्याच्या आधी किंवा नंतर, कचऱ्याकडे इतक्या आपुलकीने पाहणारा माणूस या मुलखात झाला नसेल, असं मी माझ्या मोठ्या साडभाऊंबद्दल छातीठोकपणे सांगू शकतो. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. आमच्या गावच्या नगरपालिकेत ओव्हरसियर होते. निवृत्त झाले, पण गावाबाहेरच्या कचरा डेपोने काही त्यांना मोकळं केलं नाही. दर रविवारी सकाळी घरची माणसं बुद्धविहारात निघत, तेव्हा भाऊजी खुणा केलेला बांबू सायकलला बांधून आधी डेपोवर जात आणि ढिगाची उंची मोजूनच विहारात येत. कोणी विचारलं की जुन्या दुखणेकऱ्याची तब्येत सांगावी तसं सांगत, "पाच पावसाळे काढन. पुढचं काही खरं नाही."

आमच्या घरी आले की हातपाय धुण्याआधी कचऱ्याचा डबा उघडत. डब्यावरून घर कळतं, असा त्यांचा सिद्धांत. एकदा डब्यात वाकून माझ्या बायकोसमोरच मला, शाळामास्तराला, म्हणाले, "गुरुजी, बिडी पुन्हा सुरू झाली वाटते?" त्या संध्याकाळी मला जेवण मिळालं, बोलणं मिळालं नाही. एकोडीला पुतणीच्या लग्नात पंगत उठली तशी स्वारी उष्ट्याच्या ढिगाशी जाऊन पत्रावळींतून थर्माकोलच्या ताटल्या वेगळ्या काढू लागली. मुलीकडचा मोठा माणूस उष्टं काढतोय म्हणजे आपल्याकडून मानपानात काही राहिलं, असं वाटून व्याही घाबरेघुबरे धावत आले. ताईंनी, म्हणजे भाऊजींच्या बायकोने, कपाळाला हात लावला. "काही नाही राहिलं जी. यायले कचरा दिसला का राहवत नाही."

आम्ही सगळे हसायचो. मग एका वर्षी, पुढची सोय काय करायची म्हणून नगरपालिकेने सभा बोलावली आणि भाऊजींनाही निरोप आला. डेपो किती दिवस पुरेल? भाऊजींनी वही न उघडता सांगितलं, "तीन पावसाळे. बस." तेवढ्यावर नवी जागा घ्यायचं ठरलं. शेजारच्या एका खेड्यात तलावाच्या वरच्या अंगाला पडीक जमीन होती, ती.

ती जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय भाऊजींना चैन पडेना. तिसऱ्या दिवशी मला घेऊन त्या खेड्यात गेले. तलावाच्या पाळीवर एक म्हातारी ढिवरीण जाळं सांधत बसली होती. भाऊजींनी तिला डेपोची सगळी हकीकत सांगितली. तिने ती नीट ऐकून घेतली.

"तुमचा डोंगर भरला, खरं हाये. पण पाणी वरून खालीच येते ना बाबू? मंग आमी मासोऱ्या कोठं धराव?"

  परतताना भाऊजी सायकलवर बसलेच नाहीत, ती हातात धरून चालत राहिले. चालता चालता म्हणाले, "गुरुजी, मोजलं तं बरोबर. पण माझ्या मोजण्यानं त्यायचा तलाव चालला."

पुढच्या सभेत ते न बोलावता गेले आणि उभे राहिले. "तीन पावसाळे म्हटलं, ते आज टाकून राहिलो तसंच टाकत राहिलो तं! अर्ध्याच्या वर ढीग भाजीच्या देठायचा अन् शिळ्या भाताचा आहे. त्याचं खत होते. जुना ढीग चाळला तं खालची जागा मोकळी होते." गाड्या भरून कचरा दुसऱ्या गावाला पाठवावा, असं कोणी सुचवलं. "काहून? त्या गावाले नाक नाही काय?" सभा हसली. लोक ऐकणार नाहीत, असंही कोणी म्हणालं. "माझ्या वॉर्डापासून पाहा. एक वर्ष द्या मले."

ते वर्ष आमच्या ताई अजून विसरलेल्या नाहीत. रोज सकाळी घंटागाडीच्या पुढे भाऊजी दारोदार हिंडत. ओला वेगळा, सुका वेगळा. बायका त्यांना पाहून दारं लावून घेत. एकीने आतूनच ओरडून सांगितलं, "घरी कोणी नाही!"

"बरं," भाऊजी शांतपणे म्हणाले, "मंग ओला तेवढा बाहेर ठेवा."

ताईंशी निम्म्या शेजारणींनी बोलणं टाकलं. पण दिवाळीनंतर त्या वॉर्डाची गाडी डेपोवर अर्धी रिकामी जाऊ लागली, आणि हळूहळू दुसऱ्या वॉर्डांतूनही भाऊजींना बोलावणी आली. तलावाजवळच्या जागेचा विषय मागे पडला. रद्द झाला नाही, मागे पडला. डेपोवर ढीग चाळायचं यंत्र आलं. ते कधी चाले, कधी महिनोन्महिने बंद असे.

शेवटच्या दुखण्यात भाऊजींना भेटायला गेलो, तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "भाऊजी, तुमचे तीन पावसाळे तर केव्हाच होऊन गेले."

"हो ना," ते म्हणाले. "चुकलंच म्हणा माझं."

इतक्या वर्षांत मी त्यांना चूक कबूल करताना पहिल्यांदाच पाहिलं, आणि इतकं समाधानी तर कधीच पाहिलं नव्हतं.

भाऊजी गेले. डेपो आहे. परवा त्या रस्त्याने जाताना मी थांबलो आणि ढिगाकडे बराच वेळ पाहत राहिलो. तो वाढलाय की बसलाय, काही केल्या मला सांगता येईना.